चार बोटं सोडून

मी गज बोलतोय. कापडाच्या दुकानातला. नावाने गज, अंगाने मात्र पुरा मीटर. मालकांच्या वडिलांच्या वेळी इथे खरा गज होता. तो मोडला, त्याच्या जागी मी आलो आणि त्याचं नाव मला चिकटलं. लोक एका नावाने हाक मारतात आणि आपण असतो दुसरंच, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

सुताराने मला मुरलेल्या लाकडातून काढलं, दोन्ही टोकांना पितळी टोप्या बसवल्या. रूपाने बरा आहे, पण स्वभाव विचाराल तर जळकुटा. शिंप्याची फीत आली की मला बघवत नाही. मेली माणसांच्या गळ्यात काय पडते, कमरेला काय विळखा घालते. कात्रीवरही माझा राग. मापायचं मी आणि आवाज तिचा.

मालकांची एक रीत आहे. माप झालं की माझ्या टोकापुढे हाताची चार बोटं आडवी ठेवायची आणि त्यांच्या पलीकडे कात्री लावायची. पहिल्या धुण्यात कापड आटतं, त्याची ती सोय. एका गिऱ्हाइकाने एकदा विचारलं, "शेठ, ही बोटं फुकट का?" मालक म्हणाले, "बोटं मला लागतात हो. कापड तेवढं न्या."

मालकांना एकच लेक. आई दवाखान्यात नर्स, म्हणून पोर दुकानातच, तुकड्यांच्या ढिगात लोळत वाढली. तिचं नाव पडलं चिंधी. तिने आधी मला घोडा केलं, मग तलवार, मग माईक. दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीपाशी मला उभं करून उंची मापायची. चौदाव्या वर्षी, एका रिकाम्या दुपारी, माझ्या पितळी टोपीशी तोंड आणून म्हणाली, "गजोबा, मला मुली आवडतात. कुणाला सांगू नकोस हं."

मी कुणाला सांगणार? पण ती गोष्ट मी दागिन्यासारखी मिरवली, आतल्या आत. कात्रीला माहीत नव्हती, फितीला माहीत नव्हती. फक्त मला.

चिंधी सतरा वर्षांची झाली आणि हॉर्नवाली आली. तिच्याहून दोन वर्षांनी मोठी, फोटो स्टुडिओत कामाला. रस्त्याच्या पलीकडे स्कूटर उभी करून दोनदा हॉर्न वाजवायची. तो वाजला की चिंधी मला अर्ध्या कापडावर टाकून पसार. मी तिथेच आडवा. काय आहे त्या पोरीत? नाक बसकं, चाल फेंगडी, हसणं उधारीचं. असं मी रोज मनात म्हणायचो. आता मत्सराने केलेलं माप कधी खरं धरू नये, एवढी अक्कल मला आहे. म्हणून मी कान देऊन ऐकायला लागलो.

"दुकानात कोण कोण आहे? फोटो पाठव," ती फोनवर म्हणायची.

"गिऱ्हाईक आहे गं."

"निळ्या कोटवाली ना? तिला कापड दाखवताना हसत होतीस. मी बघितलं समोरून."

चिंधी हसायची कमी झाली. मैत्रिणी एकेक करून सुटल्या. केस बारीक कापायचे मनात होते, तेही राहिले, कारण हॉर्नवालीला लांबच आवडतात. "माझ्यावर जीव आहे ना तिचा, म्हणून," असं चिंधी मला समजवायची. मला काय समजवतेस पोरी? चोराच्या वाटा चोराला ठाऊक. मी जळणारा, मला जळणारी कळणार नाही? फरक एवढाच की मी काउंटरवर पडून जळत होतो, आणि ती चिंधीला दिवसेंदिवस आखूड करत होती.

मग हॉर्नवालीला दुसऱ्या शहरात काम मिळालं. तिने फोनवर हुकूम सोडला: शिक्षण सोड आणि माझ्याबरोबर चल. शुक्रवारी दुपारी न्यायला येते. नाही आलीस तर तुझ्या बाबांना सगळं सांगून टाकते.

घरात तोवर वेगळाच घोळ झाला होता. कुणाबरोबर होतीस म्हणून विचारलं की चिंधीची पंचाईत व्हायची. 'तो' म्हणावं तर खोटं, 'ती' म्हणावं तर भीती. म्हणून ती म्हणायची, "ते होते. ते सोडतील मला." आणि मालकांची झोप उडाली होती.

शुक्रवारी दुपारी दुकान रिकामं होतं. चिंधी मला हातात धरून पडद्याचं कापड मापत होती. मालक घसा खाकरून म्हणाले, "बाळा, एक विचारू? ते वयाने किती आहेत?"

"कोण?"

"ते. ज्यांना तू अहो-जाहो करतेस. लग्न झालेलं आहे का त्यांचं? बायकापोरं?"

चिंधीला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. "एकोणीस," ती म्हणाली.

"एकोणीस वर्षांच्या पोराला अहो-जाहो?"

माझ्यावरची तिची मूठ घट्ट झाली. "पोरगा नाही बाबा. ते नाही. ती."

 मालकांनी मला तिच्या हातातून घेतलं आणि मापलेलंच कापड पुन्हा मापायला लागले. चुकले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. 

"मला वेळ लागेल," शेवटी म्हणाले. "खोटं कशाला बोलू. तुझ्या आईला जास्त समजतं यातलं." मग सवयीने माझ्या टोकापुढे चार बोटं ठेवली आणि तिथेच थांबले. "ही सोडते का ती? तुझ्यासाठी?"

चिंधी बोटांकडे बघत राहिली. "नाही."

"मग पोरगी असो की पोरगा, आटशील तू."

रस्त्यापलीकडे हॉर्न वाजला. दोनदा. मालक म्हणाले, "मी येऊ बरोबर?"

"नको. दारात थांबा."

तिने मला उचललं आणि तशीच रस्ता ओलांडून गेली. हॉर्नवाली मला बघून म्हणाली, "हे काय, मारायला आणलंस?"

"नाही. हातात होता." चिंधी म्हणाली. "मी येत नाही. बाबांना सांगणार होतीस ना? ते बघ दारात उभे आहेत. मी सांगितलंय त्यांना."

हॉर्नवालीने दाराकडे पाहिलं. धमकी म्हणून तिच्याकडे तेवढीच एक गोष्ट होती. मग ती रडली, शिव्या दिल्या, परत रडली. शेवटी स्कूटर निघून गेली. चिंधी मला छातीशी धरून बराच वेळ तिथेच उभी होती. फीत, बघितलंस का?

त्याला आता दोन वर्षं झाली. चिंधीचे केस बारीक आहेत, मैत्रिणी परतल्या आहेत. मालकांचा वेळ अजून पुरता संपलेला नाही, पण 'ती' हा शब्द त्यांच्या तोंडी बसलाय. माझे आकडे पुसट झालेत, एक टोपी हलते.

आणि परवा एक नवीन आली. लाजरी, चष्मेवाली. आत येण्याआधी दारातून विचारते, "कामात आहेस का? मग नंतर येते." काल चिंधीने तिला चौकटीशी उभं केलं आणि तिची उंची मापली. माझ्याने.

तुम्हाला एवढंच सांगतो: कुणाला जीव लावाल तर मापून लावू नका, आणि कापताना बोटं विसरू नका. मला मात्र उपदेश करू नका. लाकडाचा जन्म माझा, जळणं मला चुकायचं नाही. फक्त हल्ली चार बोटं सोडून जळतो.