कमी आवाजाचा मॅनिफोल्ड

मित्रांनो, अकोल्यात धर्मपालभाऊंच्या गॅरेजमागे गंजत पडलेला मी एक जुना मॅनिफोल्ड आहे. माझं नाव तुम्ही ऐकलं नसेल. मोटारीच्या इंजिनातून निघणारा तापलेला धूर गोळा करून मागच्या नळीत सोडायचा, हे माझं काम. बीड नावाचं लोखंड वितळवून, साच्यात ओतून मला घडवलं. अंग जाड, म्हणून आवाज आतच जिरायचा.

बाळापूरचे कापडाचे व्यापारी फारुखभाई यांच्या पांढऱ्या मोटारीत मी वर्षानुवर्षं राबलो. शेजारच्या सीटवर बहुधा त्यांच्या पत्नी सुरैय्याबी असत. गाडी चालू आहे की बंद तेच कळत नाही, असं त्या म्हणत. मला ते माझंच कौतुक वाटे.

मग सुरैय्याबींना कॅन्सर झाला. उपचारांसाठी अकोल्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्याच पावसाळ्यात रस्त्यावर साचलेलं पाणी माझ्या तापलेल्या अंगावर उडालं आणि मला तडा गेला. गाडी फटफट वाजू लागली.

धर्मपालभाऊ म्हणाले, हा काढून टाकू. स्टीलच्या पातळ नळ्यांचा हेडर बसवू; गाडी हलकी पळेल, फक्त आवाज वाढेल. तसा हेडर लावलेली एक गाडी त्यांनी सुरूही करून दाखवली. फारुखभाईंनी ती ऐकली आणि नकारार्थी मान हलवली.

"सुरैय्या दवाखान्यातून परत येताना गाडीतच झोपते. तेवढीच झोप भेटते तिले. हाच जोडून द्या."

धर्मपालभाऊंनी मला तापवलं, जोडलं आणि राखेत पुरून हळूहळू गार होऊ दिलं. तो जोड हिवाळाभर टिकला. परतीच्या वाटेवर सुरैय्याबी खिडकीला डोकं टेकून झोपत आणि फारुखभाई खड्डे चुकवत गाडी चालवत.

उन्हाळ्यात सुरैय्याबी दवाखान्यातच वारल्या.

पुढे माझा जोड पुन्हा सुटला. या वेळी धर्मपालभाऊंनी अमरावतीच्या राजापेठेतून माझ्यासारखाच बिडाचा मॅनिफोल्ड शोधून आणला होता. फारुखभाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आता आवाजवालाच बसवा, धर्मपालभाऊ," ते म्हणाले. "गाडीत लय शांत वाटून राहिलं मले."

धर्मपालभाऊंनी स्टीलचा हेडर आणला. त्यांनी मला काढून बाजूला ठेवलं.

मी कामातून गेलोच होतो, त्याचं दुःख नाही. पण फारुखभाई निघाले, तेव्हा रस्त्यावरची माणसं त्या आवाजानं वैतागून मागे वळून बघत होती. ते मला सोसलं नाही.

मित्रांनो, घरात कोणी आजारी माणूस झोपलं असेल, तर दार हळूच लावा. आणि जपावं असं ज्यांच्या घरात आता कोणी उरलं नाही, त्यांच्याजवळही थोडा वेळ जाऊन बसा.