सोयाबीनच्या वडीवर आळ

घाबरू नका, सोयाबीनची वडी बोलतेय. खरं तर घाबरलेय मीच.

गिरणीत तेल काढून घेतल्यावर जे पीठ उरलं, त्याची मी. रंग मातकट, स्वतःची चव म्हणाल तर शून्य. अंधेरीत मालनच्या घरी आले ती श्रावणात. मासे बंद, म्हणून घरात सगळ्यांची तोंडं पडलेली. मालनने माझ्या बहिणींना मटणाच्या मसाल्यात शिजवलं आणि त्याही मटण असल्यासारख्या मिरवल्या.

मग एक दिवस आंघोळ करताना मालनच्या हाताला छातीत गाठ लागली. तिने सांगितलं फक्त शेजारच्या नलिनीला.

"त्या वड्या खातेस ना?" नलिनी म्हणाली. "पाण्यात कशा फुगतात बघ. पोटात काय गप्प बसतात? कॅन्सर होतो म्हणे त्याने."

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात गं."

मालनने माझा डबा फळीवर पार मागे ढकलला. "वड्या बंद. आता गाठ बसेल आपोआप." डॉक्टरचं नावच नाही. माझी पाचावर धारण बसली. फेकलं असतं तरी चाललं असतं, पण ही बाई मला बंद करून बरी होऊ बघत होती. ती मोरीतून बाहेर आली की मी कान लावायचे. तिचं नेहमीचं गुणगुणणं थांबलं होतं.

तिचा हात सारखा पदराखाली जातो, हे सासूबाईंनी, अंजनाबाईंनी हेरलं आणि सगळं वदवून घेतलं.

"वडयो बंद करून महिनो झालो मा? गाठ गेली?"

"नाही."

"मगे? चल डॉक्टराकडे."

परत आल्यावर मालन नवऱ्याला, लवूला सांगत होती, "सोयाबीनने होतं याला पुरावा नाही म्हणाले. खुशाल खा. पण गाठ दाखवायला महिना का लावलात, म्हणून ओरडले."

गाठीचा तुकडा तपासायला गेला. आज रिपोर्ट.

"तूच आण. मी नाही येणार," मालन म्हणाली.

"चल ना गं. एकट्याने मला तो उघडवणार नाही."

ती उठली. मग म्हणाली, "थांब, साडी बदलते."

दार लागलं. आळातून सुटले, पण आनंद कसला? विनवणी एवढीच, नावं मला खुशाल ठेवा, पण गाठ लागली तर आधी डॉक्टरला दाखवा. आता गप्प बसते. जिन्यावर पावलं वाजतील, ती ऐकायचीत.