गूळतुलेचा तराजू

मी निजामुद्दीनच्या धान्याच्या दुकानातला मोठा तराजू बोलतोय. सध्या दुकानाबाहेर उलटा पडलोय आणि माझं डोकं फिरलंय, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

उमरखेडच्या लोहारानं माझी दांडी घडवली. ढाणकीकडच्या या गावात मी तूर, सोयाबीन तोलत आलो. पुंडलिकराव सरपंच झाले तेव्हा गावानं त्यांची गूळतुला केली. एका पारड्यात ते, दुसऱ्यात घराघरातून आलेला गूळ. इतक्या झटकन वर उचलले गेले की पायातली चप्पल खाली पडली. गाव हसलं, मीही खूश होतो.

मग नळ आले ते फक्त त्यांच्या गल्लीत. निजामुद्दीनची बायको अमिनाबी अजूनही हंडा घेऊन विहिरीवर जाते.

निवडणूक तोंडावर आली तशी पुन्हा गूळतुला ठरली. माणसं आली, जेवली, पण बहुतेक रिकाम्या हातानं. सरपंचांचा पुतण्या कपिल घाबरला. निजामुद्दीनला बाजूला घेऊन त्यानं आठवण करून दिली, की दुकानाची जागा ग्रामपंचायतीची आहे. बिचाऱ्यानं मान खाली घालून माझीच लोखंडी वजनं गुळाच्या पारड्याच्या तळाशी ठेवली, वर पोतं आणि पोत्यावर गूळ. माझा नुसता संताप झाला, पण मला हात कुठे आहेत?

सरपंच वर उचलले गेले. टाळ्या पडल्या. गळ्यातला हार सावरत ते म्हणाले, "म्हनतात लोक फिरले. अरे, निजामभाईचा तराजू कधी खोटं बोलते काय?"

निजामुद्दीनला ते सहन झालं नाही. पुढे होऊन त्यानं पोत्याची कड उचलली आणि खालून एकेक वजन काढून सगळ्यांसमोर ठेवलं. सरपंचांचं पारडं दाणकन जमिनीवर आदळलं.

"आता खरं बोलून राह्यला तो," निजामुद्दीन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लागलं आणि मी रस्त्यावर आलो. सरपंचांवर राग आहेच. पण गावकऱ्यांनो, तुमच्यावर त्याहून जास्त आहे. गूळ घरी ठेवून जेवण झोडलंत. कुलूप लागताना समोरच्या पानटपरीवर उभे राहून "यंदा पडते हा" असं कुजबुजलात. अमिनाबीनं तोंडावर विचारलं, "मंग आता काहून गप हाय?" तुम्ही पानाचे पैसे देऊन घराकडे वळलात.

मतदानाच्या आडोशाला तुम्ही शूर होणार, ठाऊक आहे मला. व्हा. पण आधी दिवसाउजेडी इथवर चालत या. निजामुद्दीन तहसिलात तक्रार द्यायला गेलाय, अमिनाबी बंद दारापुढे एकटी बसली आहे, तिच्याशेजारी नुसते येऊन बसा. तेवढंही जमत नसेल, तर उद्या नवा सरपंच निवडून आणाल तेव्हा गूळ घेऊन माझ्याकडे येऊ नका.