पंखा कधी थांबलाच नाही

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. मुरुडच्या एका गल्लीत, जिन्याखालच्या कोपऱ्यात माझा मुक्काम आहे. अंगावर कांद्याचं पोतं आहे, पोत्यावर फुटकी बादली आहे आणि पोटात आता काहीही उरलेलं नाही. तरी ऐका. मी कामचुकार निघाले म्हणून हे दिवस आले, असं समजू नका. माझं काम फार चोख झालं, आणि घात त्यानेच केला.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. शिशाच्या पट्ट्या, तेजाब, काळं प्लॅस्टिकचं अंग आणि डोक्यावर सहा बुचं, एवढ्यात आमची जात संपते. टेम्पोत आदळत आपटत मी लातूरला आले आणि तिथून मुरुडच्या बाजारात, वीरेशच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात. वीरेश कपाळाला विभूती लावल्याशिवाय दुकानाचं शटर उघडत नसे आणि गिऱ्हाइकाला खोटं सांगत नसे. त्यानेच मला जिलानीचाचांच्या घरी पोचवलं.

जिलानीचाचा पिंजारी होते. चाळीस वर्षं त्यांनी गावाच्या गाद्या आणि रजया भरल्या. मुरुडमधल्या अर्ध्या लग्नांच्या गाद्या त्यांच्या हातच्या, वीरेशच्या लग्नाचीसुद्धा. कापूस पिंजताना जो बारीक तंतू उडतो तो कुठे जातो, हे मात्र कुणी कधी विचारलं नाही. तो चाचांच्या छातीत जाऊन बसत होता. साठी उलटली आणि त्यांना चार पावलं चालवेना. डॉक्टरांनी घरात ऑक्सिजनची मशीन लावायला सांगितली. हवेतून ऑक्सिजन गाळून नळीने नाकात सोडणारी, चाकांवरची मशीन. ती रात्रंदिवस विजेवर चालते. वीज गेली की मशीन थांबते आणि मशीन थांबली की चाचांचा श्वास अडकतो. मला आणलं होतं ते एवढ्यासाठी, टीव्ही बघायला नाही.

जिन्याखालच्या भिंतीला, माझ्या डोक्यावर एक इन्व्हर्टर टांगला होता. वीज पोटात साठवायची मी, वेळेला द्यायची मी, आणि लोक विचारायचे, घरात इन्व्हर्टर आहे का. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पण आमचं दोघांचं जमलं होतं. वीज गेली की तो टक् करायचा आणि मी पुढे व्हायचे. मशीनला पत्ता लागत नसे. चाचांच्या खाटेवरचा पंखासुद्धा एक फेरा चुकत नसे. सुरुवातीला इन्व्हर्टर अशा वेळी पीं पीं ओरडायचा. चाचांची झोप मोडते म्हणून त्यांच्या मुलाने, शारिकने, त्याचा आवाज बंद करून टाकला. मग तर आमची चाकरी मुकीच झाली.

घरात मला ओळखणारी एकच बाई होती, चाचांची बायको गौसियाचाची. महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला, घर झाडून झालं की ती माझ्यापुढे बसायची. सहा बुचं उघडायची आणि एकेका तोंडात कॅनमधलं बॅटरीचं विकतचं पाणी ओतायची. आमच्याकडचं पाणी तुम्हाला ठाऊक आहे. नळाला दहा दिवसांनी पाणी यायचं, तेव्हा चाचीने कपडे धुणं पुढे ढकललं, पण माझं पाणी कधी चुकवलं नाही. पाणी ओतताना ती इन्व्हर्टरच्या लाल दिव्याकडे बघायची. तो लागला म्हणजे वीज गेलेली आहे आणि घर माझ्या जिवावर चालू आहे. दिवसातून दोनदा, उन्हाळ्यात चारदा तो लागायचा. चाचीला तेवढं माहीत होतं.

अशी पाच वर्षं गेली. मी एकदाही दगा दिला नाही, आणि खरं सांगते, मला त्याचा गर्व झाला होता. पहिल्या वर्षी शारिकने अडीअडचणीला म्हणून ऑक्सिजनचा एक सिलिंडर भाड्याने आणून ठेवला होता. तो कधी लागलाच नाही. मग घरात अडगळ कशाला, म्हणून परत दिला. तो जाताना मी मनातल्या मनात हसले होते.

मशीन चोवीस तास चालायची, त्यामुळे विजेचं बिल फार यायचं. शारिक लातूरला एका दालमिलमध्ये फिटर होता, रोज एसटीने जायचा आणि यायचा. त्याचा निम्मा पगार त्या बिलात जायचा. शेवटी त्याने छतावर सोलार बसवायचं ठरवलं आणि वीरेशला घरी बोलावलं. माझं नशीब ठरलं ते त्या दुपारी, चहाच्या तीन कपांसमोर.

वीरेशने सगळं नीट समजावून सांगितलं. सोलार दोन तऱ्हेचं असतं म्हणाला. एक नुसतं लाइनला जोडलेलं. दिवसा जास्तीची वीज लाइनमध्ये जाते, रात्री आपण लाइनची वापरतो आणि वर्षाच्या हिशेबात बिल जवळजवळ उरत नाही. सरकारची सबसिडीही मिळते. पण लाइन गेली की तेही बंद पडतं, मग वर ऊन कितीही असो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या विजेचा झटका बसू नये, म्हणून ते तसंच केलेलं असतं. दुसरं बॅटरीवालं. त्याला खर्च बराच जास्त आणि चार-पाच वर्षांनी बॅटऱ्या बदलणं आलं. पण लाइन गेली तरी घर चालू राहतं.

मग त्याने कप खाली ठेवला.

"चाचा, एकच इचारतो," तो म्हणाला. "तुमच्या गल्लीत लाइट किती जाती?"

चाचांनी नाकातली नळी नीट केली आणि बोट वर केलं. "वर बघ. ह्यो पंखा पाच सालात कवा थांबलेला म्या बघितला न्हाई."

तिघांनीही वर बघितलं. मीच फिरवत होते तो पंखा, त्या घटकेलाही. जिन्याखाली लाल दिवा लागलेला होता.

स्वयंपाकघराच्या दारातून चाची म्हणाली, लाइट जाते की, दिवा लाल होतो. शारिक म्हणाला, अम्मी, त्या दिव्याचं काय खरं. चाचीने पंख्याकडे बघितलं. तो फिरत होता. आपलंच काही चुकत असेल असं तिला वाटलं आणि ती आत वळली. बाजारातली वीज जाते हे वीरेशला माहीत होतं, पण एकेका गल्लीची लाइन वेगळी असते. आपणच पोचवलेली बॅटरी त्या घटकेला त्याच्या ध्यानात आली नाही आणि त्यानेही पंख्यावर विश्वास ठेवला. सगळ्यांनी पंख्यावर विश्वास ठेवला.

लाइनवालं सोलार आलं. छतावर निळ्या काचा चढल्या आणि गल्लीतली माणसं बघून गेली. नव्या पेटीला भिंतीवर जागा हवी होती, म्हणून जुना इन्व्हर्टर उतरवला. एका घरात दोन-दोन पेट्या कशाला, असं शारिक म्हणाला. आम्हा दोघांना तिथेच कोपऱ्यात सरकवलं. भंगारवाला आला की देऊ, असं ठरलं. चाचीने पुढच्या जुम्म्याला पाण्याचा कॅन उचलला, मग आठवण होऊन परत ठेवला.

मित्रांनो, बॅटरीचं एक दुखणं असतं. तिला रिकामं बसवलं की ती आतून मरते. पट्ट्यांवर पांढरा थर चढतो आणि मग तो काही केल्या उतरत नाही. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसत नाही.

घरात वीज जाऊ लागली, म्हणजे पहिल्यासारखीच जाऊ लागली, पण आता ती दिसायला लागली. पंखा थांबायचा, मशीन पीं पीं ओरडायची, चाचा उठून बसायचे. दोन मिनिटांनी वीज यायची. सोलार नवीन आहे, बसेल हळूहळू, असं घरात म्हणू लागले. शारिकने वीरेशला फोन केला तेव्हा वीरेश घाबरलाच. उशीर करू नका म्हणाला, निदान एक चांगली बॅटरी तरी लगेच घेऊन जा. शारिक म्हणाला, बकरी ईद होऊ दे, मग घेतो.

बकरी ईद आठ दिवसांवर होती तेव्हाची गोष्ट. मे महिना, सकाळचे साडेअकरा. गल्लीला वीज देणारी, तोंडावरची डीपी धाडकन वाजली आणि जळाली. पंखा थांबला. मशीन ओरडायला लागली. शारिक लातूरला कामावर होता. चाचीने त्याला फोन केला आणि तो सिलिंडर शोधायला धावला. पण लातूरहून मुरुड म्हणजे तासाची वाट.

चाची माझ्याकडे आली. तिने पोतं आणि बादली बाजूला फेकली, पदराने माझं अंग पुसलं आणि बुचं उघडली. मी तहानलेली आहे असं तिला वाटलं. सहाही तोंडांत तिने पाणी ओतलं, एक थेंब सांडला नाही. मग चाकांवरची मशीन ढकलत जिन्यापाशी आणली, जुन्या इन्व्हर्टरच्या मागे तिची पिन लावली आणि लालला लाल, काळ्याला काळी, अशा दोन्ही वायरी माझ्यावर हातांनी दाबून धरल्या.

मी दिलं. जे काही होतं ते सगळं दिलं. मशीन एकदा घरघरली, नळीतून फुस्स झालं आणि तिथेच संपलं. चाचीने पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं. माझ्यात काहीच नव्हतं.

खाटेवरून चाचा बघत होते. ओठ निळे पडले होते.

"राहू दे गौसिया," ते म्हणाले. "लई राबली ती."

त्यांना कळलं होतं. पाच वर्षांनी, त्या एका घटकेला, त्यांना कळलं होतं की पंखा कोण फिरवत होतं. मला याआधी कुणी शाबासकी दिली नव्हती, आणि मिळाली ती अशी.

शेजारच्यांनी रिक्षा आणली. दवाखाना लांब नव्हता. चौघांनी चाचांना उचललं आणि उंबऱ्यापाशी येईपर्यंत ते गेले. बाहेर इतकं ऊन होतं की डोळे उघडवत नव्हते. छतावरच्या काचा तापून निघत होत्या आणि त्यातली एक कवडीची वीज खाली येत नव्हती.

शारिक सिलिंडर घेऊन पोचला तेव्हा अंगणात माणसं जमली होती. वीज साडेचारला आली. पंखा आपोआप फिरू लागला. रिकाम्या खाटेवर तो फिरत राहिला आणि कितीतरी वेळ तो बंद करायला कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी वीरेश आला. म्या अजून एकदा इचाराय पायजे होतं, एवढंच म्हणाला. शारिकने त्याला पाणी आणून दिलं. महिन्याने बिल आलं, वीरेशने सांगितलं होतं तसंच, जवळजवळ शून्य. शारिकने ते वाचलं आणि जिन्याखाली येऊन माझ्यासमोर उकिडवा बसला. काय बघत होता कुणास ठाऊक.

भंगारवाला दोनदा येऊन गेला. चाची मला देत नाही. महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला ती पुन्हा माझ्यापुढे बसते, सहा बुचं उघडते आणि पाणी ओतते. त्याचा आता काही उपयोग नाही, हे तिला शारिकने सांगितलं आहे. ती ऐकून घेते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा ओतते. मी चांगली होणार नाही. चाचा परत येणार नाहीत. या घरात आता मशीनही नाही, कुणीतरी मागितली म्हणून देऊन टाकली.

कधी कधी वाटतं, त्या पाच वर्षांत मी एकदा तरी बंद पडायला हवं होतं. पाच मिनिटं पंखा थांबला असता, चाचांना थोडा त्रास झाला असता, चाची ओरडली असती आणि सगळ्यांना कळलं असतं. मी नेकीने राबले आणि घराला आंधळं करून ठेवलं. हा सल माझ्या पट्ट्यांवरच्या थरासारखा आहे, उतरत नाही.

तेव्हा मित्रांनो, मुक्याने राबणाऱ्याला कधीतरी विचारत जा. ते माणूस असो की माझ्यासारखी वस्तू. आणि तुमच्या घरी सोलारवाला आला, लाइट जाते का म्हणून त्याने विचारलं, तर वर पंख्याकडे बघू नका. जिन्याखाली जाऊन इन्व्हर्टरचं बटन बंद करा, आठ दिवस तसेच राहा आणि मग त्याला उत्तर द्या. आमच्या घरात ते बटन कुणी कधी बंद करून बघितलं नाही.