पुढच्या फळीची खुर्ची

प्रत्येक घरात एक माणूस असा असतो, की ज्याला कधीच काही होत नसतं. दाढ सुजून गाल भोपळ्याएवढा झाला तरी तो म्हणणार, "हवेनं झालंय." या घरात तो मान कॉलेजच्या बास्केटबॉल प्रशिक्षकांकडे होता. गेली दोन वर्षं ते जिना उलटे उतरत; कठडा घट्ट धरून, पायऱ्यांकडे तोंड करून, शिडी उतरावी तसे. बायकोनं कारण विचारलं तेव्हा पोटऱ्यांचा व्यायाम आहे, असं त्यांनी सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. ती बालवर्गाची शिक्षिका होती. थाप ओळखायला तिला मान वर करून बघावंही लागत नसे.

नवा हंगाम तोंडावर आला होता आणि प्रशिक्षकांचे पाय, निदान बोलण्यात तरी, जमिनीला लागत नव्हते. कारण पुढची फळी. बास्केटखाली उभं राहून चेंडू हिसकावणारे तीन धिप्पाड गडी, संघातली टोपणनावं मनोरा, कपाट आणि बांबू. अशी फळी कॉलेजला आजवर लाभली नाही, असं ते दूधवाल्यालाही सांगत. प्राचार्यांनी तर करंडकासाठी काचेच्या शोकेसमधला मधला कप्पा पुसून ठेवला होता. मनोऱ्याचं हे शेवटचं वर्ष. हंगाम गाजवला तर मोठ्या क्लबात जागा मिळायची होती, आणि नाही गाजवला तर मामाच्या टायरच्या दुकानात.

संघात दुखापत नावालाही नव्हती. याचं श्रेय प्रशिक्षक एका खुर्चीला देत. बायकोच्या बालवर्गातून त्यांनी ती मागून आणली होती. लाल, गुडघ्याइतकीही उंच नाही, पाठीवर बदक रंगवलेलं. नियम असा, की ज्याचं काही दुखत असेल त्यानं सराव संपेपर्यंत त्या खुर्चीत बसायचं. गेल्या वर्षी कपाटाचा घोटा मुरगळला आणि तो बसला. गुडघे कानाशी आले. पोरांनी फोटो काढले, बदकाचे आवाज काढले, प्रशिक्षकही पोट धरून हसले. त्या दिवसापासून संघात कोणाचं काही दुखलं नाही. वैद्यकशास्त्रानं या खुर्चीची दखल घेतली नाही, याचं प्रशिक्षकांना नवल वाटे.

फक्त एक गोष्ट त्यांना दिसत होती आणि ती न बघण्याचा ते मनापासून प्रयत्न करत होते. मनोरा उडी मारून खाली यायचा तो डाव्या पायावर. उजवा नंतर सावकाश टेकायचा, गरम तव्यावर ठेवावा तसा. शेवटी त्यांनी विचारलं, पण पाहुण्याला "जेवूनच आला असाल ना?" असं ज्या सुरात विचारतात, त्या सुरात.

"सगळं ठीक ना रे?"

"एकदम मस्त, सर," मनोरा बदकाकडे बघत म्हणाला.

प्रशिक्षकांना हायसं वाटलं.

पहिल्या सामन्याच्या आठवड्यात बायको स्वतः हॉलमध्ये आली. बालवर्गात नवं मूल आलं होतं आणि खुर्ची कमी पडत होती. ती दाराशी उभी असताना मनोरा प्रेक्षकांच्या बाकांवरून खाली येत होता. कठडा घट्ट धरून, पायऱ्यांकडे तोंड करून.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, याच्याही पोटऱ्यांचा व्यायाम चाललाय का?"

प्रशिक्षकांनी शिट्टी तोंडात धरली. ती वाजली नाही.

मग ती हळू आवाजात बोलली. बालवर्गात ही खुर्ची कशासाठी असते, ते त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. पडून आलेलं मूल तिच्यात बसतं, कुठं लागलं ते बोट लावून दाखवतं, फुंकर घालून घेतं आणि पळतं. "चार वर्षांच्या पोराला जे जमतं, ते तुमच्याकडे येऊन वीस वर्षांचे विसरले. आणि शिकवलं कोणी? जिन्यावरून तुम्ही उतरताना मी रोज बघते. ही पोरंही कॉलेजच्या जिन्यावर बघत असतील."

"सामना चार दिवसांवर आलाय गं."

"सामने दरवर्षी येतात. गुडघे दोनच दिलेत."

प्रशिक्षकांनी शिट्टी खिशात टाकली. मग त्यांनी खुर्ची ओढून हॉलच्या मधोमध ठेवली, आणि सगळ्या संघादेखत तिच्यात बसले!

"माझा उजवा गुडघा दुखतो," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. हिलाही सांगितलं नाही."

कोणी हसलं नाही. मग त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि खुर्ची त्यांच्याबरोबर उठली. तेव्हा मात्र सगळे हसले, बायको सर्वांत जास्त. कपाट आणि बांबूनं दोन्ही बाजूंनी धरून त्यांना सोडवलं. मनोरा तेवढा हसत नव्हता.

"झालं असेल तर सरका, सर," तो म्हणाला. "मला बसायचंय."

डॉक्टरांनी मनोऱ्याचा गुडघा दाबून पाहिला आणि प्रशिक्षकांचाही. मनोऱ्यानं आणखी थोडे दिवस उड्या मारल्या असत्या तर गुडघा कायमचा गेला असता. आता विश्रांती घेतली तर निम्मा हंगाम खेळता येईल, असं त्यांनी सांगितलं. पहिला सामना संघ हरला. बास्केटखाली मधली जागा एका बुटक्यानं लढवली. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेले, पण त्यानं तक्रार केली ती फक्त बुटांची, आणि प्रशिक्षकांनी सामना थांबवून ती ऐकली. प्राचार्यांनी मधल्या कप्प्यात तूर्त कुंडी ठेवली. क्लबवाल्यांनी मनोऱ्याला हंगामाच्या शेवटी बघू असं कळवलं. तेव्हा टायरचं दुकान अजून वाट बघतंय, पण मनोरा आता तिथं निदान सरळ चालत जाऊ शकेल.

नागरिकहो, घर असो, कचेरी असो की बास्केटबॉलचा संघ, 'दुखतंय' म्हणणाऱ्याला जिथं हसतात तिथं दुखणं थांबत नाही, सांगणं थांबतं. आणि न सांगितलेलं दुखणं भाडं न भरता राहणाऱ्या भाडेकरूसारखं असतं. ते एकेक खोली बळकावत जातं.

खुर्ची बालवर्गात परत गेली. प्रशिक्षक हल्ली जिना सरळ उतरतात. प्रत्येक पायरीला मोठ्यानं "आई गं" म्हणतात, आणि स्वयंपाकघरातून प्रत्येक वेळी उत्तर येतं, "ऐकलं."