‘वा’ आणि ‘हं’

“वा!” नवरा म्हणाला.

कविता संपली नव्हती. बाई फक्त श्वास घ्यायला थांबल्या होत्या.

*

त्याच दिवशी सकाळी, वर्गात :

“कविता लिहिली की घरात कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायची. ‘वा’ आलं तर ठेवायची. नुसतं ‘हं’ आलं तर फाडायची. मी तेच करते. आमच्या घरचा माणूस फार कडक आहे.”

“माझा दादा सगळ्यालाच हं म्हणतो, बाई. जेवायला बोलावलं तरी.”

वर्ग हसला. बाईही हसल्या. “मग माणूस बदल,” म्हणाल्या.

*

आता त्यांनी कागद पुन्हा वर धरला.

ओठ हलवले.

आवाज

काढलाच नाही.

थांबल्या.

“वा!”

बाई उठल्या. त्याचा कान बघितला. मोकळा. कानातलं मशीन शर्टाच्या खिशात होतं. त्यांनी ते काढून त्याच्या हातावर ठेवलं. त्याने निमूटपणे बसवलं.

“कधीपासून?”

“अगं, वाचताना तुझा आवाज चढतो. मग हे शिट्टी मारतं. डोकं उठतं.”

“कधीपासून, विचारतेय मी.”

“मशीन आणलं तेव्हापासून. त्याआधी तरी कुठे धड ऐकू येत होतं म्हणा.”

“आणि वा?”

“तुझे ओठ थांबले की. काय खुलायचीस तू!”

“मग हं कशाला म्हणायचात?”

तो ओशाळून हसला. “रोजच वा म्हटलं असतं तर तुला संशय नसता आला? मध्येच एखादं हं टाकायचो.”

एखादं.

आईच्या चष्म्यावरची कविता. हं. बंद पडलेल्या लिफ्टवरची. हं. आणि न झालेल्या मुलीवरची. ती फाडायला हात धजत नव्हता, म्हणून बाईंनी ती बदलून पुन्हा वाचली होती. पुन्हा बदलून पुन्हा.

हं.

हं.

शेवटी तीही फाडली होती.

“अशी बघू नकोस गं. वाच ना. आता खरंच ऐकतो.” त्याने खुर्ची पुढे ओढली, मशीन मोठं केलं, मान कलती केली.

बाईंनी हातातला कागद पालथा ठेवला. डोळे मिटून मुलीवरची कविता म्हणायला लागल्या. पहिली ओळ आली. दुसरी

अर्धी.

“पुढे?” त्याने विचारलं.

पुढचं बाईंनाही ऐकायचं होतं.