डाव्या दाराचा लाल डाग

मी एक जुना पॉलिशचा कपडा आहे, मित्रांनो. सध्या चाकं पुसतो. चाकं पुसणाऱ्याचं कोण ऐकतं म्हणा, पण तुम्ही बसलाच आहात तर सांगतो.

जन्माने मी फ्लॅनेलचं दुपटं. एका तान्ह्या मुलीला माझ्यात गुंडाळत. ती मोठी झाली, मी विटलो, आणि तिच्या वडिलांनी मला कामावर नेलं. ते गाड्यांना पॉलिश करायचे. सगळे त्यांना काका म्हणत. काकांनी आधी माझ्या कडेची शिवण कापून टाकली, कारण शिवणीचा दोराही रंगावर रेघ ओढतो. मग चौपदरी घडी घातली आणि मला माझी स्वतःची खुंटी दिली.

आमचं काम असं. एखादी गाडी कशाला तरी घासते आणि त्याचा रंग हिच्या अंगावर येऊन बसतो. मालकाला वाटतं, संपलं सगळं! काका ती जागा साबणाच्या पाण्याने धुऊन घेत आणि डागावरून हलकेच नख फिरवत. नख अडकलं तर ओरखडा खोल. नाही अडकलं तर रंग परका, नुसता वर बसलेला. मग माझ्यावर वाटाण्याएवढी पेस्ट, आणि हलक्या हाताने पुढे-मागे. डाग माझ्यावर उतरला की काका माझी स्वच्छ बाजू वर करायचे. काय मान होता तेव्हा! मला वेगळं धुवायचे, सावलीत वाळवायचे. नियम एकच, पण कडक. कपडा एकदा जमिनीवर पडला की त्याने पुन्हा रंगाला शिवायचं नाही. वाळूचा एक कण चिकटला तरी अख्खं दार खरवडून निघतं.

आमच्याकडे एक निवृत्त मास्तर यायचे. गाडी गडद निळी, मास्तरांसारखीच नीटनेटकी. पहिल्यांदा आले तेव्हा मागच्या डाव्या दारावर पिवळा पट्टा होता आणि भोवती बारीक रेघांचं जाळं.

"आमच्या इमारतीचा खांब," मास्तर म्हणाले. "मी घासणीने घासून बघितलं."

"अहो मास्तर, गाडी आहे ती, कढई नव्हे!"

"मुलीला कळू देऊ नका हो. ती किल्ली काढून घेईल. मग हिला व्यायामाला कोण नेणार?"

हिला म्हणजे त्यांच्या बायकोला. पाय मोडल्यापासून बाईंना आठवड्यातून दोनदा दवाखान्यात व्यायामाला न्यावं लागे. मास्तर गाडी बाहेर काढून दारात लावत, त्यांना हात धरून बसवत. बाईंचं घराबाहेर पडणं काय ते एवढंच. काकांनी पिवळा डाग काढला. पुढच्या महिन्यात फाटकाचा हिरवा आला, तोही काढला. पुन्हा डावंच दार होतं. मास्तर खूश, काका खूश. खोटं कशाला बोलू, मीही फुशारलो होतो.

तिसऱ्या वेळी डाग लाल होता. गुडघ्याच्या उंचीवर, बोटभर. काकांनी धुतला, नख फिरवलं, पेस्ट घेतली आणि त्यांचा हात थांबला.

"मास्तर, खांब पिवळा, फाटक हिरवं. हे लाल काय?"

"काय की. मला तर काही लागल्याचं कळलंच नाही."

काकांनी पेस्ट झटकली आणि मास्तरांना स्टुलावर बसवलं. "समोरच्या घड्याळाकडे बघा. नजर हलवायची नाही." मग मला चिमटीत धरून मास्तरांच्या डाव्या बाजूला हलवू लागले. "दिसतंय का?"

"दिसतंय की. स्वच्छ. पाच वाजून दहा मिनिटं."

"आणखी काय?"

"आणखी काय असायचंय?"

मी त्यांच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर फडफडत होतो, मित्रांनो. मला वाईट वाटलं.

मास्तरांनी मान वळवली, मला पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. उठायला गेले तर तोल गेला. काकांनी त्यांना दोन्ही हातांनी धरलं, म्हणजे मला सोडलं. मी थेट फरशीवरच्या वाळूत पडलो. माझं पॉलिशचं काम तिथे संपलं.

मुलीला फोन मास्तरांनीच केला. ती धावत आली. "बाबा, किल्लीचं काय घेऊन बसलात!" म्हणाली आणि रडली. पुढचं तिनेच नंतर काकांना सांगितलं. शेजारच्या चिमुरडीची लाल सायकल भिंतीला टेकवलेली होती, तिचं हँडल वाकडं झालं होतं. सायकलच्या मालकीणबाई तेवढ्यात पाणी प्यायला वर गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, मास्तरांची डाव्या बाजूची नजर केव्हाचीच गेली आहे. समोरचं नीट दिसत होतं, म्हणून त्यांना पत्ताच नव्हता.

आता गाडी मुलगी चालवते. दवाखाना चुकत नाही. मास्तर मागे बायकोशेजारी बसतात. काकांनी डाग काढायचं विचारलं, तर मास्तर म्हणाले, "राहू द्या तो." म्हणून नवा कपडा सगळी गाडी चमकवतो आणि तेवढी बोटभर जागा सोडतो. मी खाली चाकाशी असतो, तिथून तो डाग बरोबर दिसतो.

तेव्हा मित्रांनो, आम्हा कपड्यांना स्वच्छ ठेवा, पडलेल्याला रंगावर फिरवू नका. आणि एकाच दाराला पुन्हा पुन्हा डाग लागायला लागला, तर कपडा खुंटीवर ठेवा आणि आधी चालवणाऱ्याची विचारपूस करा. आम्ही दोनदा केली नाही.